खांदेरीचा दीप आणि उल्हासचे खोरे

१

सह्याद्रीच्या कड्यांवरून, राजमाचीच्या आसमंतात, श्रावणाच्या अविरत धारांनी कोसळणारे पाणी आपल्या पोटात घेऊन जी नदी कर्जतची भातखाचरे भिजविते, बदलापूरच्या शिवेवरून संथपणे पुढे सरकते, उल्हासनगरास आपले नाव देऊन कल्याणच्या खाडीत खाऱ्या पाण्याशी एकरूप होते आणि अखेरीस वसईच्या किल्ल्यापाशी सिंधुसागरास मिळते, त्या उल्हास नदीच्या खोऱ्यात राहणारे आम्ही लोक स्वतःस समुद्राचे शेजारी म्हणवून घेत नाही. आमचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाने उजाडतो आणि त्याच वेळापत्रकाने मावळतो. समुद्र ही मुंबईकरांची, वसईकरांची आणि अलिबागकरांची मिरास. आपण मात्र डोंगराच्या पायथ्याची, कारखान्यांची, छावण्यांची आणि नव्या वसाहतींची माणसे, अशी एक समजूत बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तिन्ही गावांत पिढ्यानुपिढ्या रूढ होऊन बसली आहे.

ही समजूत इतिहासास धरून नाही. अंबरनाथचे शिवालय शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, या वर्षी शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीत उभे राहिले, असे तेथील शिलालेख सांगतो; आणि ज्या राजवंशाने वालधुनी नदीच्या काठी हे कोरीव वैभव निर्माण केले, त्याची संपत्ती ठाणे, सोपारे आणि चौल येथील बंदरांच्या व्यापारातून आलेली होती. या वंशाचा शेवटचा राजा सोमेश्वर तेराव्या शतकात यादवांशी लढताना समुद्रातच बुडून मरण पावला, आणि बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर त्या काळच्या युद्धनौका वल्ह्यांच्या ओळींसह कोरलेल्या आजही पाहावयास मिळतात. पुढे १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडीचा मुलूख शिवाजीमहाराजांच्या अमलाखाली आला आणि त्यानंतर अल्पावधीतच कल्याण, भिवंडी व पनवेल येथील खाड्यांत लढाऊ जहाजांची बांधणी सुरू झाली. या कामावर आरंभी रुई लैतांव व्हिएगस नावाचा जाणकार पोर्तुगीज नेमला होता, अशी नोंद पोर्तुगीज दप्तरांत सापडते. मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ अशा रीतीने आमच्याच नदीच्या मुखाशी झाला, ही गोष्ट या खोऱ्यातील शाळकरी मुलासही ठाऊक असावयास हवी.

नदीचा आणि समुद्राचा हा विस्मृतीत गेलेला संबंध प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावा, या हेतूने मी मुंबई बंदराच्या दक्षिण दाराशी उभ्या असलेल्या खांदेरी बेटावरील दीपस्तंभाची यात्रा केली. यात्रा हा शब्द येथे विचारपूर्वक योजिला आहे. कारण ज्या स्थळी एकाच खडकावर मराठ्यांच्या पराक्रमाचा तट आणि सर्व जगाच्या नाविकांसाठी तेवणारा दिवा अशा दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदत आहेत, त्या स्थळास केवळ सहलीचे ठिकाण म्हणणे मला प्रशस्त वाटत नाही.

२

बदलापूरहून निघालेली गाडी अंबरनाथ, उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी मागे टाकीत कल्याणास येते आणि तेथून मुंबईकडे धावू लागते, तेव्हा ज्या लोहमार्गावरून आपण जात असतो त्याचा आणि आपण पाहावयास निघालेल्या दीपस्तंभाचा जन्म एकाच काळाच्या कुशीत झाला आहे, याची जाणीव प्रवाशास सहसा नसते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. १८५४ मध्ये ती कल्याणास पोहोचली. १८५६ मध्ये बदलापूरवरून पुढे खोपोलीपर्यंत रूळ गेले. आणि १८६३ साली बोरघाटाचा दुर्गम चढ लोखंडाच्या मार्गाने जिंकला गेला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता, आणि देशावरचा कापूस मुंबईच्या बंदराकडे धाव घेत होता. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला तेव्हा युरोपच्या आगबोटींना आफ्रिकेचा वळसा घालण्याचे प्रयोजन उरले नाही आणि मुंबईच्या बंदरातील वर्दळ आणखी वाढली. १८७३ साली बंदराच्या कारभारासाठी स्वतंत्र विश्वस्त मंडळ, म्हणजेच पोर्ट ट्रस्ट, स्थापन झाले आणि १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक ही मोठी गोदी सिद्ध झाली. रेल्वेने माल किनाऱ्यास आणावा, गोदीने तो जहाजात भरावा आणि दीपस्तंभाने त्या जहाजास सुखरूप वाट दाखवावी, अशी ही परस्परांवर अवलंबून असलेली साखळी होती. तिचा एक दुवा आमच्या बदलापूर-अंबरनाथच्या स्थानकांवरून जात होता आणि दुसरा खांदेरीच्या टेकडीवर प्रकाशत होता.

मुंबई बंदराचे मुख रुंद असले तरी निर्धोक नाही. उत्तरेस कुलाब्याच्या टोकापासून खडकांची एक रांग समुद्राच्या पोटात दूरवर शिरली आहे, आणि दक्षिणेस थळच्या किनाऱ्यासमोर बुडालेल्या खडपांचे जाळे पसरले आहे. भरतीच्या वेळी हे दोन्ही धोके पाण्याखाली दडून बसतात, त्यामुळे वरून शांत दिसणारा समुद्र अनभिज्ञ तांडेलाचा घात करतो. १७७१ मध्ये कुलाब्यावर पहिला दीपस्तंभ बांधण्यात आला. १८५६ मध्ये बंदराच्या आतल्या डॉल्फिन नावाच्या खडकावर लहान मनोरा उभारला गेला. १८६७ साली दक्षिणेकडे खांदेरीचा दीप उजळला, आणि १८७५ मध्ये उत्तरेकडील खडकांच्या रांगेवर टॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने प्राँग्जचा भव्य मनोरा उभा केला. तो प्रकाशमान झाल्यावर कुलाब्याचा जुना दिवा कायमचा मालवण्यात आला. १८८४ मध्ये सन्क रॉक या जलमग्न खडकावरही दिवा आला आणि बंदराचा हा बंदोबस्त पूर्णत्वास पोहोचला.

गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याकडे जाणाऱ्या लाँचवर बसले म्हणजे या इतिहासाची पाने जणू पाण्यावरच उलगडू लागतात. आरमाराच्या करड्या नौका मागे पडतात, सन्क रॉकचा मनोरा पाण्यातूनच वर आल्यासारखा दिसतो, आणि हवा स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येस प्राँग्जची आकृती क्षितिजावर उमटते. तांबड्या, पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांनी रंगविलेला, चाळीस मीटरांहून उंच असा तो मनोरा ओहोटीच्या वेळी कुलाब्याहून खडकांवरून पायी चालत गाठता येतो आणि भरती आली की चहूबाजूंनी पाण्याने वेढला जातो. दिवसा हे पट्टे हीच त्याची ओळख असते, आणि रात्री ती ओळख प्रकाशाच्या लयीने पटते. प्रत्येक दीपस्तंभास किती सेकंदांनी किती वेळा चमकावयाचे याचे स्वतःचे प्रमाण ठरवून दिलेले असते, ते नाविकांच्या नकाशांत नोंदलेले असते, आणि काळोखातून येणारा सुकाणूधारी ते क्षण मोजून आपण नेमके कोणत्या किनाऱ्यासमोर आहोत हे निश्चित करतो.

३

मांडव्याहून अलिबागच्या वाटेवर थळ हे कोळ्यांचे गाव लागते. वाळूवर ओढलेल्या होड्या, पसरलेली जाळी, सुकत घातलेली मासळी आणि पलीकडे रासायनिक खतांच्या कारखान्याच्या चिमण्या, असे प्राचीन आणि अर्वाचीन यांचे मिश्र दृश्य तेथे पाहावयास मिळते. बेटावर जाण्यास संबंधित खात्याची परवानगी लागते, आणि परवानगी हाती असली तरी शेवटचा शब्द समुद्राचा असतो. आमच्या होडीचा तांडेल वयस्क होता. “तांडेलमामा, निघायचे ना?” असे विचारता त्याने समुद्राकडे बराच वेळ पाहिले आणि “जरा दम धरा, पाणी चढू द्या,” एवढेच उत्तर दिले. ज्या माणसाने जन्मभर या खडपांच्या मधून वाट काढली आहे त्याच्या संयमास विद्वत्तेइतकाच मान दिला पाहिजे, असे मला तेव्हा वाटले.

किनारा सोडल्यावर प्रथम लागते ती उंदेरी. १६८० च्या आरंभी सिद्दी कासमाने ती व्यापली आणि खांदेरीच्या मराठ्यांवर नजर ठेवण्यासाठी तेथे तटबंदी केली. आज तिचे बुरूज झाडोऱ्याने ग्रासले आहेत. तिच्या पलीकडे, किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर अंतरावर, दोन टेकड्यांचे खांदेरी बेट दिसू लागते आणि त्यांपैकी एका टेकडीवरील शुभ्र मनोरा दृष्टीस पडतो.

या बेटासाठी झालेला संघर्ष मराठ्यांच्या सागरी इतिहासातील अत्यंत तेजस्वी प्रकरण आहे. मुंबईच्या बंदराचे दार येथून राखता येते हे महाराजांनी फार पूर्वी ओळखले होते. १६७२ मध्ये त्यांनी तटबंदीचा पहिला प्रयत्न केला, आणि इंग्रजांच्या विरोधामुळे तो थांबला तरी विचार थांबला नाही. १६७९ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात, समुद्र अद्याप खवळलेला असताना, मायनाक भंडारी या सरदाराने थोडी माणसे आणि लहान तोफा घेऊन बेटावर पाय रोवला आणि दगडांवर दगड चढू लागला. मुंबईकर इंग्रजांनी बेट रिकामे करण्याची मागणी केली, ती नाकारली गेली, आणि सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा त्यांचा एक अधिकारी ठार झाला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आधिपत्याखाली मराठ्यांची गलबते इंग्रजांच्या ताफ्यावर तुटून पडली. डोव्हर नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली, आणि रिव्हेंज या मोठ्या जहाजाने मात्र टिकाव धरला. पुढे सिद्दीचे आरमारही इंग्रजांच्या साहाय्यास आले. तथापि बेट पडले नाही, आणि १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी तह करून वेढा उठविला.

या विजयाचे मर्म काय होते? इंग्रजांची जहाजे मोठी आणि तोफांनी सज्ज होती. परंतु थळ-नागावच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या लहान होड्या रात्रीच्या काळोखात, उथळ पाण्यातून, वारा असो वा नसो, वल्ह्यांच्या बळावर खांदेरीस दाणागोटा, दारूगोळा आणि माणसे पोहोचवीत राहिल्या, आणि त्यांना अडविणे आपल्याच्याने होत नाही अशी कबुली इंग्रजांना आपल्या पत्रव्यवहारात द्यावी लागली. ज्यांनी ही वल्ही मारली त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. खडपांच्या मधली प्रत्येक गल्ली ज्यांना डोळे मिटूनही ठाऊक होती अशा कोळी-भंडाऱ्यांसाठी तो काळोखच दीप होता, आणि ज्यांना हा समुद्र परका होता त्यांच्यासाठी तो तट होता. स्वातंत्र्याचे रक्षण या बेटावर प्रथम अंधाराने केले, हे खांदेरीच्या दीपस्तंभाकडे जाताना विसरता येत नाही.

पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात हीच जागा सागरी सत्तेचे प्रतीक झाली. कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी मराठ्यांचे दस्तक घ्यावे, हा कान्होजींचा आग्रह होता. इंग्रजांस तो मान्य नव्हता. ज्याने त्यांच्या परवान्यांची सत्ता जुमानली नाही त्यास ते चाचा म्हणत. वस्तुतः आपल्या पाण्यावर आपले नियम चालविणारा तो सरखेल होता. १७१८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नराने खांदेरी घेण्यासाठी मोहीम काढली आणि ती फसली. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर बेट इंग्रजी अमलाखाली गेले. आज शासकीय कागदोपत्री या बेटास कान्होजी आंग्रे यांचेच नाव आहे.

४

बेटावर उतरताच प्रथम दर्शन होते ते वेताळाच्या स्थानाचे. आजूबाजूच्या गावांतील कोळी बांधवांची यावर अढळ श्रद्धा असून मासेमारीच्या हंगामापूर्वी येथे नवस बोलले आणि फेडले जातात. जवळच एक मोठी शिळा आहे. तिच्यावर दगडाने आघात केला असता धातूच्या भांड्यासारखा नाद उमटतो. तटाच्या बाजूने चालत गेले की चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसविलेल्या जुन्या तोफा लागतात, आणि त्यांची तोंडे अद्यापि समुद्राकडेच वळलेली आहेत. तेथून पायऱ्या चढून टेकडीवर यावे म्हणजे दीपस्तंभाची दगडी इमारत समोर येते.

मनोरा अष्टकोनी आहे. त्याच्या पायथ्याशी दीपपालांच्या निवासाची इमारत असून तिच्यातूनच तो वर निघाला आहे, त्यामुळे दुरून पाहणारास घर आणि दीपस्तंभ असे दोन भाग वाटत नाहीत. आतील वळणदार जिना जसजसा अरुंद होत जातो तसतसा समुद्राचा आवाज मंद होतो आणि वाऱ्याचा वाढतो. शेवटी एका उभ्या शिडीने काचेच्या दीपगृहात शिरावे लागते. चहूबाजूंना काच, मध्यभागी प्रकाशाचे यंत्र, आणि बाहेर जिकडे दृष्टी जाईल तिकडे पाणी.

या यंत्रामागील विद्येची महती थोडक्यात सांगितली पाहिजे. साध्या दिव्याचा प्रकाश सर्व दिशांस सारखाच विखुरतो, आणि त्यातील बहुतांश आकाशात वा जमिनीवर वाया जातो. हा अपव्यय टाळण्यासाठी ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२२ च्या सुमारास एका जाड, अवजड भिंगाऐवजी काचेच्या एककेंद्री कड्यांची आणि लोलकांची अशी रचना सिद्ध केली की वर, खाली आणि बाजूंस जाणारे किरण वळून एकाच आडव्या झोतात एकवटावेत. हे भिंग दिव्याभोवती फिरत राहिले म्हणजे दूरच्या नाविकास ठरावीक अंतराने चमक दिसते. विजेपूर्वीच्या काळात ते फिरविण्यासाठी घड्याळासारखी यंत्रणा असे. मनोऱ्याच्या पोकळीत लोंबणारे जड वजन हळूहळू खाली उतरे, त्याच्या ओढीने चक्रे फिरत, आणि वजन तळाशी येण्यापूर्वी दीपपालास ते हाताने पुन्हा वर चढवावे लागे. दिव्यात प्रथम वनस्पतींचे तेल, नंतर रॉकेल, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून दाबाखाली वाफ होऊन जाळीत पेटणारे रॉकेल, असा क्रम जगभरच्या अनेक दीपस्तंभांत दिसतो. ज्या काळी अंबरनाथच्या विमको कारखान्यातील आगकाड्यांनी देशातील असंख्य घरांत सांजवात लागत होती, त्याच काळी किनाऱ्यावरील दीपपाल सूर्यास्तास आपली सांजवात लावीत होते. त्यांच्या सांजवातीची घरातील माणसांऐवजी दर्यावरील अनोळखी माणसे वाट पाहत असत, इतकाच भेद.

टेकडीवर मनोरा बांधण्याचे कारण भूमितीत आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रसपाटीपासून पन्नास मीटर उंचीवरील दिव्याचे क्षितिज सुमारे २५ किलोमीटरांवर असते. जहाजाच्या डेकवर दहा मीटर उंचीवर उभ्या असलेल्या नाविकाचे क्षितिज सुमारे ११ किलोमीटरांवर असते. आणि ही दोन अंतरे मिळून सुमारे ३६ किलोमीटरांवरून तो नाविक त्या दिव्यास पाहू शकतो. दिवा कितीही प्रखर केला तरी पृथ्वीचा फुगवटा ओलांडता येत नाही. उंची हाच त्यावर उपाय. मराठ्यांनी जी टेकडी शत्रूची जहाजे लवकर दिसावीत म्हणून निवडली, तीच टेकडी जहाजांस दिवा लवकर दिसावा म्हणून अभियंत्यांनी निवडली. पाहण्यासाठी आणि दिसण्यासाठी लागणारी जागा एकच असते.

वरच्या सज्जातून उत्तरेस मुंबईच्या गगनचुंबी इमारतींची धूसर रांग दिसते, दक्षिणेस अलिबागचा किनारा पसरतो, आणि पश्चिमेस न्हावाशेव्याच्या बंदरात शिरण्याची वाट पाहणारी मालवाहू जहाजे नांगर टाकून उभी असतात. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत तयार होणारा माल याच पाण्यावरून परदेशी जातो. येथे उभे राहिल्यावर आपली गावे समुद्रापासून दूर आहेत हे म्हणणे अशक्य होते.

५

दीपपालाची नोकरी ही सरकारी सेवांतील विलक्षण सेवा होय. सूर्यास्तापूर्वी काचा स्वच्छ करणे, यंत्रास तेलपाणी करणे, दिवा लावणे, रात्रभर पाळीने जागून त्याची लय बिघडत नाही ना हे पाहणे, हवामान आणि वाऱ्याची नोंद वहीत करणे आणि सूर्योदयास दिवा मालविणे, हा क्रम सणावारास वा आजारपणास खंडित होत नसे. पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने होडी चालत नाही, तेव्हा बेटावरील माणसाचा किनाऱ्याशी संबंध जवळजवळ तुटतो. साठविलेला शिधा आणि हौदातील पाणी यांवर दिवस काढावे लागतात. दिवाळीत सर्व महाराष्ट्र दारी पणत्या लावून घरच्या माणसांत बसलेला असतो, तेव्हा दीपपाल आपला एकच दिवा लावून परक्यांची चिंता वाहत असतो.

या सेवेचे अर्थशास्त्रही मननीय आहे. दीपस्तंभाचा प्रकाश पैसे न देणाऱ्याच्या डोळ्यांपासून लपविता येत नाही. तो शत्रूच्या जहाजास दिसतो, मित्राच्या जहाजास दिसतो, आणि थळच्या कोळ्याच्या लहानशा होडीसही तितकाच दिसतो. म्हणूनच बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांकडून दीपस्तंभांसाठी कर घेण्याची पद्धत पडली, आणि १९२७ च्या दीपस्तंभ कायद्याने हा कारभार सर्व देशासाठी नियमबद्ध झाला; २०२१ मध्ये त्याची जागा सागरी दिशादर्शक साधनांच्या नव्या कायद्याने घेतली. आता उपग्रहांवरून जहाजाचे स्थान काही मीटरांपर्यंत अचूक कळते, दिवे विजेवर आणि स्वयंचलित झाले आहेत, आणि जागरण करणाऱ्या माणसाची आवश्यकता उत्तरोत्तर घटत चालली आहे. परंतु उपग्रहाचा संकेत रोखता येतो, बिघडविता येतो, आणि लहान होडीवाल्याजवळ यंत्र असेलच असेही नाही. क्षितिजावर चमकणारा दिवा मात्र पाहणाराकडे डोळ्यांवाचून काही मागत नाही.

६

उल्हासनगरच्या वाचकांस या दिव्याशी असलेले आपले नाते सांगणे हा या लेखाचा एक हेतू आहे. कराची आणि मुंबई ही दोन बंदरे दीर्घकाळ एकाच इलाख्यात होती. सिंध प्रांत मुंबई इलाख्यातून १९३६ मध्ये वेगळा झाला. कराचीच्या बंदराच्या मुखाशीही मनोरा नावाच्या ठिकाणी असाच दीपस्तंभ आहे. देशाची फाळणी झाल्यावर, विशेषतः जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळल्यावर, सिंधी हिंदूंची कुटुंबेच्या कुटुंबे घर, शेत, दुकान आणि पूर्वजांच्या स्मृती मागे टाकून आगबोटींत बसली. कराचीहून येणाऱ्या जहाजास मुंबईच्या बंदरात शिरावयाचे म्हणजे डावीकडे प्राँग्जचे खडक आणि दक्षिणेस खांदेरीच्या बाजूची खडपे यांच्या मधूनच वाट आहे, आणि ती वाट रात्री या दिव्यांवाचून दुसरे कोणी दाखवीत नव्हते. मनोऱ्याचा दिवा मागे सोडून आलेल्या त्या लोकांचे या भूमीवरील पहिले स्वागत प्राँग्ज आणि खांदेरीच्या दिव्यांनी केले.

त्यांतील फार मोठ्या समुदायास कल्याणजवळच्या, महायुद्धकाळात उभारलेल्या लष्करी छावणीत आश्रय मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हासनगर जन्मास आले. त्या छावण्यांचे क्रमांक अद्याप लोकांच्या पत्त्यांत टिकून आहेत. बराकींच्या ओसरीवर पापड आणि मिठाई विकून ज्यांनी संसार पुन्हा उभा केला, त्यांच्या कष्टाचे मोल आम्ही शेजारच्या मराठी लोकांनी पुरेसे ओळखले आहे असे मला वाटत नाही. या समाजाचे आराध्यदैवत झूलेलाल हे जलाचे दैवत आहे, आणि चेटीचंडच्या दिवशी बहराणासाहेबाची प्रज्वलित ज्योत मिरवीत पाण्यापर्यंत नेण्याची त्यांची परंपरा आहे. पाण्याच्या काठी दिवा नेणारा समाज दीपस्तंभांनी राखलेल्या वाटेने येथे आला आणि उल्हासच्या तीरी स्थिरावला. थळचा कोळी वेताळास नवस बोलतो आणि उल्हासनगरचा सिंधी झूलेलालास पल्लव पसरतो. दोघांचीही याचना पाण्याने सांभाळून घ्यावे हीच असते.

७

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समूह जागतिक वारशाच्या सूचीत समाविष्ट केला आणि त्यांत खांदेरीस स्थान मिळाले. ही वार्ता ऐकून प्रत्येक मराठी मनुष्याचे मन अभिमानाने भरून आले असेल. परंतु या गौरवाबरोबर एक जबाबदारीही आली आहे. किल्ल्याच्या तटास वारसा मानावे आणि त्याच्या मध्यभागी उभ्या असलेल्या दीपस्तंभास परकीय अमलाची उपरी वास्तू समजून दुय्यम लेखावे, अशी वृत्ती आपल्याकडे अज्ञात नाही. मला ती मान्य नाही. इंग्रजांनी तो आपल्या व्यापारासाठी बांधला हे खरे. पण ज्या कारागिरांनी त्याचे दगड घडविले, ज्या होडीवाल्यांनी ते दगड खवळत्या पाण्यातून वाहून आणले आणि ज्या दीपपालांनी दीडशेहून अधिक वर्षे तो तेवत ठेवला, त्यांच्या श्रमांवर याच भूमीचा हक्क आहे. तट आपल्या पराक्रमाची साक्ष देतो आणि दीप आपल्या मनुष्यधर्माची. राष्ट्रास दोहोंची गरज असते.

म्हणून माझी विनंती आहे की खांदेरीच्या तटाची डागडुजी होईल तेव्हा दीपस्तंभाच्या जुन्या दगडी कामाचीही त्याच काळजीने निगा राखावी. देशातील दीपस्तंभांतून निरुपयोगी ठरून उतरविली जाणारी जुनी भिंगे, घड्याळी यंत्रे आणि नोंदवह्या मोडीत न काढता जतन कराव्यात. आणि सेवानिवृत्त दीपपालांचे अनुभव त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावेत, कारण ती पिढी आता फार दिवस राहणार नाही. २०२४ मध्ये देशातील ७५ दीपस्तंभांवर पर्यटकांसाठी सोयी उभारून त्यांचे लोकार्पण झाले, हे स्तुत्य आहे; तथापि पर्यटकास नुसते उंचावरून दृश्य दाखवून न थांबता त्या दिव्याचे कार्य आणि त्या बेटाचा इतिहास त्याच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस तेथे असला पाहिजे.

आणि उल्हासच्या खोऱ्यातील शाळांना माझे सांगणे आहे की, दरवर्षी सहल काढताना एकदा तरी आपल्या नदीच्या वाटेने समुद्रापर्यंत जा. मुलांना प्रथम अंबरनाथचे शिवालय दाखवा, नंतर कल्याणची खाडी दाखवा, आणि हिवाळ्यात समुद्र शांत असताना, रीतसर परवानगी घेऊन आणि थळच्या तांडेलाचा सल्ला मानून, त्यांना खांदेरीच्या मनोऱ्यापाशी उभे करा. आपण समुद्राचे शेजारी आहोत, ही गोष्ट त्यांना पुस्तकातून शिकवावी लागणार नाही.